रस्ता खोदला, बाजार थांबला
२४ फेब्रुवारी २०२१ : राष्ट्रीय शेअर बाजाराचा (एनएसई) घटनाक्रम

सकाळी ९.१५ : बुधवार. बाजार नेहमीप्रमाणे उघडतो. दुसऱ्या दिवशी वायदे सौद्यांची मासिक मुदत संपणार असल्याने उलाढाल जोरात. एनएसईचं मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळचं राखीव केंद्र कुर्ल्यात, दूरचं चेन्नईत. वांद्र्याच्या स्टोरेजवर पडणारी नोंद त्याच क्षणी कुर्ल्यातही लिहिली जाते. दोन्हीकडून पोच आली, तरच ती पक्की. घरच्या संगणकात दोन डिस्क जोडून आपण रेड-१ करतो, त्याचाच हा शहरभर पसरलेला अवतार.

१० नंतर : निफ्टी निर्देशांकाचे आकडे पडद्यावर हलेनासे होतात. दोन्ही केंद्रांमधल्या रस्त्यालगत खोदकाम आणि बांधकाम सुरू आहे. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या होत्या, पण दोन्हींत बिघाड येतो.

इथवर काहीच बिघडायला नको होतं. जोडी तुटली, तर मुख्य स्टोरेजने एकट्याने काम रेटायचं, अशीच रचना ठरली होती. प्रत्यक्षात मुख्य स्टोरेजच सर्व्हरना सापडेनासं होतं. सौद्यांची जोखीम तपासणारी यंत्रणा त्यामुळे बंद पडते.

११.४० : सौदे जुळवणारी यंत्रणा शाबूत आहे, पण जोखीम तपासल्याविना सौदे चालू ठेवता येत नाहीत. बाजार थांबवला जातो.

दुपार : मुंबई शेअर बाजार (बीएसई) चालूच. एनएसई कधी उघडणार, याचा पत्ता नाही. चेन्नईचं केंद्र असूनही बाजार तिकडे हलवला जात नाही. बाजार बंद होण्याची साडेतीनची वेळ जवळ येते, तसे अनेक दलाल ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाला मिटवून टाकतात.

३.४५ : एनएसई पुन्हा सुरू; वेळ पाचपर्यंत वाढवलेली. भाव उसळतात. आधीच सौदे मिटवलेल्यांनी हात चोळत बसायचं.

५.०० : निफ्टी २७४ अंकांनी वर, १४,९८२ वर बंद.

२२ मार्च : एनएसई कारणांचा खुलासा करते. बाजार नियामक सेबीचा नवा नियम येतो : महत्त्वाची यंत्रणा कोलमडली, तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि तिथून ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करा.

दोन डिस्कवर भिस्त ठेवणाऱ्या हट्टा गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याने आणि वसमतच्या मोंढ्यातल्या अडत्यानेही यातून धडा घ्यावा. डेटा दोन डिस्कवर वाटून ठेवणाऱ्या रेड-० ने वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड-१ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालतं, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, संगणकाबाहेर ठेवा. ती काढून झाली की लग्नसराईआधी एखाद्या निवांत दिवशी संगणक बंद करा, जोडीतली एक डिस्क काढा आणि उरलेल्या एकीवर तो चालतो का, हे स्वतः पाहा.