मॉस्कोला नेलेला थर्मामीटर

आमच्या आजीची एक रीत होती. धनत्रयोदशीला ती गुंजभर का होईना, सोने घेई; पण ते घरी आणण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या सोनाराकडे नेऊन कसाला लावल्याखेरीज तिचे समाधान होत नसे. पहिल्या सोनाराला याचा राग येई. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे तो म्हणे. एका वर्षी मात्र एका पेढीवरचे म्हातारे सोनार हसून म्हणाले, "आजीबाई, तुम्ही कशाला उन्हातान्हात हिंडता? पलीकडच्या आळीतल्या त्या सोनारालाच कसोटी घेऊन इथे बोलवा. माझ्या पेढीवर बसून पाहू दे." तो दुसरा सोनार म्हणजे यांचा धंद्यातला पक्का वैरी. तो आला, त्याने सोने घासून पाहिले आणि काही न बोलता मान हलवली. त्यानंतर आजीने हयातभर दुसऱ्या पेढीची पायरी चढली नाही.

ही घरगुती गोष्ट आज सांगण्याचे कारण असे, की १९६९ साली अगदी असाच प्रसंग मॉस्को शहरात घडला. पेढी होती रशियन शास्त्रज्ञांची, कसोटी घेऊन गेलेले सोनार होते इंग्रज, आणि जे सोने कसाला लागायचे होते ते म्हणजे पृथ्वीवर पेटवलेला सूर्याचा विस्तव!

सूर्याचा विस्तव म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे. आपल्या अणुभट्ट्यांत युरेनियमसारखा जड अणू फोडून शक्ती मिळवतात. सूर्याच्या पोटात याच्या नेमके उलट चालते. तेथे हायड्रोजनसारखे हलके अणू एकमेकांत मिसळून एकजीव होतात आणि त्या संमीलनातून उष्णता व प्रकाश बाहेर पडतो. आपली बाजरीची भाकरी, आपला पाऊस, आपली कोळशाची खाण, सारे त्याच प्रकाशाचे देणे. हे संमीलन पृथ्वीवर साधले तर सरपणाची ददात कायमची मिटेल, कारण त्याला लागणारा ड्यूटेरियम नावाचा जड हायड्रोजन समुद्राच्या एका घनमीटर पाण्यात सुमारे तेहतीस ग्रॅम असतो. पण मेख अशी, की ही चूल पेटायला दहा कोटी अंशांहून अधिक तपमान लागते. सूर्याच्या गाभ्यातदेखील तपमान दीड कोटी अंशच आहे. त्याचे काम प्रचंड वजनाने आणि दाबाने भागते, आपले भागत नाही. एवढा तापलेला वायू, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, कोणत्या भांड्यात ठेवायचा? तो भिंतीला शिवला की क्षणात निवतो. म्हणून त्याला चुंबकाच्या अदृश्य पिंजऱ्यात अधांतरी कोंडावे लागते.

हा पिंजरा बांधण्याची खटपट १९५० च्या सुमारास रशिया, अमेरिका आणि इंग्लंड या तीन देशांत जोराने सुरू झाली, आणि ती संपूर्ण गुप्त होती. हायड्रोजन बाँबच्या शास्त्राशी तिचे जवळचे नाते, तेव्हा भिंतीपलीकडे कोण काय करतो हे कुणाला कळत नसे. गुप्ततेच्या अंधारात बेगडी नाणेही खपते. १९५१ च्या मार्च महिन्यात अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी जाहीर केले, की उएमूल नावाच्या बेटावर रिश्टर या शास्त्रज्ञाने सूर्याची शक्ती काबूत आणली आहे. जगभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी तपासणी झाली तेव्हा त्या बेटावर तसले काहीही नव्हते!

हा पडदा दूर व्हावा असे जाहीरपणे जगापुढे मांडले गेले ते १९५५ च्या ऑगस्टमध्ये, जिनीव्हाच्या पहिल्या अणुशक्ती परिषदेत. अध्यक्षस्थानी आपले डॉ. होमी भाभा होते. अणूच्या शांततामय उपयोगांसाठी भरलेल्या त्या सभेत त्यांनी ज्या विषयावर मोठी राष्ट्रे मूग गिळून बसली होती नेमका त्याच विषयाला हात घातला. संमीलनाची शक्ती काबूत आणण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, आणि मग जगाचा इंधनाचा प्रश्न महासागर आटेपर्यंत सुटलेला असेल, असे भाकीत त्यांनी केले. भाकीत खरे ठरले की नाही, ते पुढे पाहू. पण त्या भाषणाने एवढे झाले, की जी गोष्ट कुजबुजीत होती ती चव्हाट्यावर आली.

यानंतरचे पाऊल रशियाने उचलले. १९५६ च्या एप्रिलमध्ये ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन इंग्लंडच्या भेटीस आले तेव्हा त्यांच्याबरोबर दाढीवाले कुर्चातोव्ह होते. रशियाच्या अणुबाँबचे हेच शिल्पकार. हारवेलच्या इंग्रज प्रयोगशाळेत त्यांनी व्याख्यान दिले आणि आपल्याकडचे संमीलनाचे प्रयोग चक्क उघड करून सांगितले. ऐकणारे थक्क झाले. त्यात एक सावधगिरीची सूचनाही होती. प्रयोगात न्यूट्रॉन कण बाहेर पडले म्हणजे संमीलन उष्णतेनेच झाले असे समजू नये, आम्ही त्या भ्रमातून गेलो आहोत, असा तिचा मथितार्थ.

इंग्रजांनी ही सूचना ऐकली, पण ती पचनी पडली नाही. १९५७ मध्ये हारवेलला झेटा नावाचे मोठे यंत्र सुरू झाले. त्यातून न्यूट्रॉन निघाले. १९५८ च्या जानेवारीत मोठा गाजावाजा झाला. प्रयोगशाळेचे प्रमुख सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी, हे न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची आपल्याला नव्वद टक्के खात्री वाटते, असे पत्रकारांना सांगितले. वर्तमानपत्रांनी उरलेले दहा टक्के गाळून टाकले. मे महिन्यात त्याच शास्त्रज्ञांना जाहीरपणे सांगावे लागले, की ते न्यूट्रॉन खऱ्या उष्णतेचे नव्हते. केवढी ही मानखंडना! पण चूक त्यांनी स्वतः शोधली आणि स्वतः कबूल केली, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनीव्हाला दुसरी परिषद भरली, आणि तिन्ही देशांनी आपापले कागद व यंत्रे मांडून गुप्ततेचा पडदा दूर केला.

पडदा दूर झाला, पण त्यामागे दिसले ते सर्वांचे अपयश. चुंबकाचा पिंजरा फुटक्या घंगाळासारखा गळत होता. उष्णता ओतावी तितकी वाहून जाई. अशी दहा वर्षे गेली. मग १९६८ च्या ऑगस्टमध्ये सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्क शहरी परिषद भरली असता लेव्ह आर्त्सिमोव्हिच हे रशियन शास्त्रज्ञ उभे राहिले. मॉस्कोतील टी-३ या यंत्रात आपण विद्युत्कणांचे तपमान एक कोटी अंशांच्या घरात नेले आहे, आणि उष्णता पूर्वीच्या अंदाजाच्या कितीतरी पट अधिक काळ टिकते आहे, असे त्यांनी सांगितले. हे यंत्र म्हणजे हातातल्या कड्यासारखी वाटोळी पोकळ नळी, भोवती चुंबकाची वेटोळी. रशियन भाषेतल्या वर्णनाची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘टोकामाक’ म्हणत.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. त्यांची शंकाही वाजवी होती. रशियनांनी तपमान थेट मोजले नव्हते. प्लाझ्माचा चुंबकावर एकूण दाब किती पडतो त्यावरून ते काढले होते. एखाद्या गावात शंभर कुळे अर्धपोटी असावीत आणि एकच सावकार गब्बर असावा. गावाची सरासरी काढली तर गाव खाऊनपिऊन सुखी दिसेल. तसेच प्लाझ्मात थोडे विद्युत्कण भरधाव सुटलेले असले, तर सारा वायू तापल्याचा भास होऊ शकतो. झेटाच्या फजितीने पोळलेले लोक आता ताकही फुंकून पीत होते.

अशा वेळी माणूस चिडतो. आर्त्सिमोव्हिच चिडले नाहीत. इंग्लंडच्या कलहम प्रयोगशाळेचे प्रमुख पीझ यांना त्यांनी निमंत्रण दिले : तुमच्याकडे तपमान मोजण्याची नवी रीत आहे, तुमचे लोक आणि तुमची उपकरणे घेऊन आमच्या यंत्रावर या, आणि मोजा. हे पीझ झेटाच्या कामात होते. चुकीचा चटका त्यांना ठाऊक होता.

आणि वेळ कोणती होती पहा! परिषद आटोपून पंधरवडाही झाला नव्हता तोच, २० ऑगस्टच्या रात्री, रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. युरोपभर संताप उसळला. इंग्रज शास्त्रज्ञांनी मॉस्कोला जाऊन काम करणे हे दोन्ही सरकारांच्या मान्यतेखेरीज शक्य नव्हते, आणि त्या दिवसांत ती मान्यता सहज मिळण्यासारखी नव्हती. तरीही योजना मोडली नाही. निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट आणि पीटर विल्कॉक या मंडळींनी सुमारे पाच टन सामान पेट्यांत भरले आणि ते मॉस्कोला नेले.

हा पाच टनांचा थर्मामीटर कसा होता? त्याचे मर्म समजायला रेल्वे स्टेशनावर उभे राहावे. गाडी आपल्याकडे येत असता तिची शिट्टी तीव्र ऐकू येते, आणि पुढे निघून गेली की तीच शिट्टी खाली उतरते. प्रकाशाचेही असेच आहे. माणिकाच्या कांडीतून निघणाऱ्या लेसरचा शुद्ध लाल झोत प्लाझ्मात सोडला, की धावत्या विद्युत्कणांवरून तो विखुरतो. कण आपल्याकडे येणारा असेल तर रंग थोडा निळसर बाजूला झुकतो, दूर जाणारा असेल तर अधिक लालीकडे. जितकी धावपळ अधिक तितका रंगाचा पट्टा रुंद. आणि धावपळ म्हणजेच तपमान. यात सरासरीची फसवणूक नाही. मूठभर सावकारांनी पट्टा रुंद होत नाही, सारा गावच धावत असावा लागतो.

सांगायला हे सोपे, करायला महाकठीण. विखुरलेला प्रकाश अगदी नाममात्र, आणि प्लाझ्मा स्वतःच झगमगणारा. दुपारच्या उन्हात काजवा शोधावा तसला प्रकार! पहिल्या प्रयत्नांत काही हाती लागेना. तेव्हा लेसरचा झोत अधिक आखूड आणि अधिक प्रखर केला, म्हणजे त्या क्षणापुरता काजवा उन्हावर मात करील. हे सारे परक्या शहरात, परक्या भाषेत, रशियन सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून चालले होते. फॉरेस्ट यांनी पुढे या दिवसांच्या आठवणींचे पुस्तकच लिहिले.

१९६९ च्या उन्हाळ्यात उत्तर मिळाले. रशियनांचे म्हणणे खरे होते! प्लाझ्मा खरोखरच एक कोटी अंशांच्या घरात तापला होता. १ नोव्हेंबर १९६९ च्या ‘नेचर’ नियतकालिकात निबंध छापून आला. त्यावर चार इंग्रज नावे होती आणि पाचवे नाव सान्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे.

निबंध छापून येण्यापूर्वीच बातमी पसरली होती. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी आपले वेगळ्या धाटणीचे यंत्र मोडून १९७० मध्ये त्याचे टोकामाक केले. मग युरोप आणि जपान त्याच वाटेने निघाले. आपल्याकडे गांधीनगरजवळ १९८९ मध्ये ‘आदित्य’ नावाचे टोकामाक सुरू झाले. रशियनांनी हेच तपमान स्वतःच शंभर वेळा मोजून छापले असते तरी हे घडले नसते. वैऱ्याने मान हलवली, म्हणून जगाने मानले.

पुढची हकिकत मोठी आहे, ती थोडक्यात सांगतो. १९८५ च्या नोव्हेंबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले ते पुन्हा जिनीव्हालाच. त्यांच्या संयुक्त निवेदनात संमीलनाच्या कामी सर्वांनी हातभार लावावा असे वाक्य होते. त्यातून ‘ईटर’ या यंत्राची कल्पना निघाली. वाद झाले, अमेरिका मध्येच बाहेर पडून पुन्हा परतली, जागेवरून जपान आणि युरोप यांच्यात ओढाताण झाली. अखेर २००५ मध्ये दक्षिण फ्रान्समधले कादाराश ठरले. त्याच वर्षी डिसेंबरात भारत सामील झाला, आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसला युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि भारत या सात भागीदारांनी करारावर सह्या केल्या. यंत्राला बाहेरून वेढणारे, सुमारे तीस मीटर व्यासाचे पोलादी पात्र ही आपली कामगिरी. त्याचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला घडले आणि जहाजाने फ्रान्सला गेले. साडेबाराशे टनांचा त्याचा तळ २०२० च्या मे महिन्यात, सारे जग महामारीने घरात कोंडलेले असताना, खड्ड्यात अलगद उतरवला गेला.

आता डॉ. भाभांच्या भाकिताचा हिशेब. ते चुकले. वीस वर्षे गेली, सत्तर वर्षे गेली, आणि संमीलनाच्या विजेवर अजून कुणाच्या घरचा दिवा लागलेला नाही. स्वतः भाभा १९६६ च्या २४ जानेवारीला जिनीव्हाकडेच निघालेल्या विमानात होते. ते माँ ब्लाँवर आदळले. मॉस्कोचा कस पाहायला ते उरले नाहीत. कलहमच्या ‘जेट’ यंत्राने २०२३ मध्ये, निवृत्त होण्यापूर्वी, एकाच प्रयोगात ६९ मेगाज्यूल शक्ती दिली. एवढ्यात काही मोठे हंडे पाणी आंघोळीपुरते तापेल. ईटरच्या २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ वर गेले आहेत. २०२२ मध्ये त्याच्या काही भागांत भेगा आणि मापाचे दोष आढळले. ते लपवले नाहीत, जाहीर करून दुरुस्तीस घेतले. झेटाचा धडा वाया गेला नाही, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले. पुन्हा युरोपात संताप, पुन्हा दारे बंद. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्ग बंदरातून नऊ मीटर व्यासाचे एक प्रचंड चुंबकी कडे जहाजावर चढून फ्रान्सच्या वाटेला लागले. करारातला रशियाचा वाटा म्हणून. रणगाड्यांचा गुन्हा त्याने धुऊन निघत नाही, १९६८ मध्येही निघाला नव्हता. पण सारे पूल एकाच दिवशी तोडायचे नसतात, हे शास्त्रज्ञांनी दोनदा दाखवले.

आपल्या सोन्यावर आपलाच शिक्का मारणे सोपे असते. आपल्या पेढीवर वैऱ्याला बोलावून त्याच्या हाती ते देणे कठीण. त्याला सोने तर खरे लागतेच, पण छातीही लागते. आजी आज असती आणि तिला ही सूर्याच्या विस्तवाची हकिकत सांगितली असती, तर तिने ती चूल कधी पेटणार हे नंतर विचारले असते. आधी विचारले असते, "कसाला लावून पाहिले ना?" हो, आजी, आणि पलीकडच्या आळीतल्या सोनाराकडूनच.