नामदेवांच्या घरची जनाबाई

नरसी ही संत नामदेवांची जन्मभूमी. त्यांना अंगाखांद्यावर वाढविणाऱ्या जनाबाईंचे स्मरणही येथे अगत्याचे आहे. गोदाकाठच्या गंगाखेडहून लहानपणी त्या दामाशेटींच्या घरी आल्या. रक्ताचे नाते नसूनही आत्याच्या मायेने राबल्या. दळणकांडण करीत अभंग रचले. तीनशेंहून अधिक अभंग आज त्यांच्या नावे आहेत. इ. स. १३५० मध्ये नामदेवांबरोबरच त्यांनी देह ठेविला, अशी परंपरा आहे. नामदेव तेव्हा ऐंशी वर्षांचे. जनाबाई त्यांहून वडील.

भाविकहो, कचेरीत मी नोंदी लिहितो. पैशाची पावती होते, कष्टाची होत नाही. म्हणून जीर्णोद्धाराच्या यादीत देणगीदारांसोबत पाणी वाहणाऱ्या, अंगण सारवणाऱ्या मायबहिणींची नावेही यावीत, ही नम्र विनंती.