नांगरलेला बोया
समुद्रात एका जागी नांगरून ठेवलेले, हवेची व पाण्याची मापे घेऊन ती उपग्रहामार्फत लगोलग किनाऱ्यावर पाठवणारे तरंगते वेधयंत्र. बंदराची वाट दाखवणाऱ्या बोयाचा हा भाऊबंद.

पाण्यावरच्या भागात वारा, हवेचा दाब व आर्द्रता मोजणारी उपकरणे, सौरपट्ट्या आणि अँटेना असतात. खरी कमाई मात्र खालच्या दोरावर होते. त्याला ठरावीक खोलीवर तापमान व क्षारता मोजणारे संवेदक अडकवतात. अनेक बोयांत प्रत्येक संवेदकासाठी वेगळी तार नसते. दोरातल्या पोलादी तारेतून संदेश वर येतो आणि विजेचे मंडल खारे पाणीच पुरे करते. तळाच्या नांगरासाठी प्रशांत महासागरात आगगाडीची भंगारातली चाकेही वापरली आहेत. बोया काढताना जहाजावरून ध्वनिसंकेत दिला की नांगरावरचा आकडा सुटतो. नांगर तळाशीच राहतो.

उपग्रहाला समुद्राची केवळ कातडी दिसते, आणि तीही नेहमी नीट नाही. १९८२ साली मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीच्या उद्रेकाने वातावरणात पसरलेल्या कणांमुळे उपग्रहांची तापमाने चुकली आणि प्रशांत महासागराचे पाणी तापवणारा त्या वर्षीचा बलाढ्य एल निनो ऐन भरात येईपर्यंत ओळखू आला नाही. त्या फजितीतून विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे ७० बोयांची ‘ताओ’ मालिका उभी राहिली. ती १९९४ मध्ये पूर्ण झाली.

भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने १९९०च्या दशकात हे काम हाती घेतले. तिचे ‘ओम्नी’ बोये अरबी समुद्रात व बंगालच्या उपसागरात ५०० मीटर खोलीपर्यंतची मापे घेतात. उपसागरात त्यांचे मोल अधिक. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे, हलके पाणी वर साचते, त्यामुळे खालचे थंड पाणी सहजी वर मिसळत नाही. चक्रीवादळाला ऊब मिळत राहते. गोड्या पाण्याचा हा थर किती खोल आहे ते वरून दिसत नाही. रत्नागिरीजवळचा लाटामापक बोया याच कुळातला, पण तो लाटांपुरताच.

बोयाखाली मासे जमतात, माशांमागे होड्या येतात. मग जाळी अडकतात, दोर तुटतात, सौरपट्ट्या गायब होतात. शिवाय शेवाळ व कालवांसारखे जीव संवेदकांवर चढतात. म्हणून ठरावीक काळाने जहाज जावेच लागते. २०१२ मध्ये ‘ताओ’ची देखभाल करणारे अमेरिकी जहाज बंदरात उभे राहिले, दोन वर्षांत त्या मालिकेतून येणारी माहिती निम्म्याच्याही खाली घसरली.