निळ्या घोड्यांचा मनोरा
वर्गातल्या एखाद्या पोराने घोडा निळा रंगवला, तर पूर्वी मी त्याचा कान धरला असता. फ्रान्झ मार्कची हकीकत वाचल्यापासून हात आवरतो.

या जर्मन चित्रकाराला निळा रंग आत्मिकतेचा वाटे. १९१३ साली त्याने एकावर एक रचल्यासारखे ४ निळे घोडे रंगवले. चित्र २ मीटर उंच. महायुद्धात तो सैन्यात गेला आणि ४ मार्च १९१६ रोजी व्हर्दूनजवळ पडला. वय अवघे ३६. १९१९ मध्ये बर्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने ते चित्र विकत घेतले.

पुढे नाझी राजवट आली. १९३७ साली म्युनिकमध्ये 'भ्रष्ट कला' म्हणून चित्रे हिणवण्यासाठी टांगली गेली. त्यांत हे घोडेही होते. देशासाठी धारातीर्थी पडलेल्याची ही विटंबना पाहून लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली. चित्र भिंतीवरून उतरले, ते गोअरिंगच्या हाती गेले. १९४५ पासून त्याचा ठावठिकाणा नाही.

मात्र हे चित्र रंगवण्याआधी, नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून, मार्कने कवयित्री एल्से लास्कर-श्युलर हिला एक पोस्टकार्ड धाडले होते. त्यावर हेच घोडे आहेत. ते कार्ड म्युनिकमध्ये आजही जपलेले आहे.