गुलाबपाण्याचं तस्त आणि पाटीवरची नावं

१८७३ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये एक कोडं घातलं. प्रत्येक पुरुषाला किती मुलगे होण्याची शक्यता किती, एवढं माहीत असेल, तर एखादं आडनाव किती पिढ्यांत निर्वंश होईल? उत्तर धाडलं रेव्हरंड हेन्री विल्यम वॉटसन यांनी. हे कॉव्हेंट्रीजवळच्या बर्क्सवेल गावचे पाद्री, पण पिंड गणितज्ञाचा. त्यांचा निष्कर्ष असा की पुरेशा पिढ्या गेल्या की झाडून सगळी आडनावं बुडणार. निष्कर्ष चुकला होता, समीकरणाचं दुसरं उत्तर त्यांच्या नजरेतून निसटलं होतं. रीत मात्र टिकली. साथीचा रोग पसरेल की विझेल, हे ताडायला आजही ‘गाल्टन-वॉटसन’ प्रक्रिया कामी येते. या हिशेबात मुली धरलेल्याच नव्हत्या. आडनाव पुढे नेणार ते मुलगे, तेव्हा मुली मोजायच्या कशाला?

टेनिसच्या इतिहासात मात्र वॉटसन हे आडनाव राहिलं ते पाद्रीबुवांच्या मुलींमुळे. विंबल्डनच्या महिला एकेरीची कुळकथा या घरातून सुरू होते.

पुरुषांची स्पर्धा तोवर रुळली होती. १८६८ साली क्रोकेसाठी निघालेल्या क्लबने १८७७ मध्ये वर्पल रोडवरच्या आपल्या हिरवळीवर पहिली टेनिस स्पर्धा भरवली. तट्टूने ओढायचा रोलर नादुरुस्त होता, त्याच्या खर्चाला पैसे हवे होते. बावीस पुरुष उतरले, स्पेन्सर गोर जिंकला. बायकांना खेळू देण्यात मात्र डब्लिनने लंडनला मागे टाकलं. १८७९ च्या आयरिश स्पर्धेत महिला एकेरी झाली आणि मे लँग्रिश नावाची चौदा वर्षांची मुलगी ती जिंकली. विंबल्डनला हे सुचायला आणखी पाच वर्षं लागली.

१८८४ मध्ये तेरा जणींनी नावं दिली. अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या बर्क्सवेलच्या दोघी बहिणी, थोरली लिलियन आणि एकोणीस वर्षांची मॉड. वडिलांकडे गणित शिकायला येणाऱ्या केंब्रिजच्या पोरांशी खेळून मॉडचा हात तयार झाला होता, असं सांगतात. दोघी पांढऱ्या पोशाखात होत्या. आत कॉर्सेट, खाली घोट्यापर्यंत घागरा. त्या बेतात एक सेट खेळणं हीच शिक्षा, इथे तर तीन झाले. मॉड पहिला सेट ६-८ हरली आणि पुढचे दोन ६-३, ६-३ जिंकली. तिला वीस गिनींची चांदीची फुलांची परडी मिळाली. लिलियनला दहा गिनींचा हातातला आरसा आणि चांदीच्या पाठीचा केस विंचरायचा ब्रश. बक्षिसं निवडणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खेळाडू होती की सासरी निघालेली मुलगी, कोण जाणे.

पुढच्या वर्षीही मॉडच जिंकली. १८८६ मध्ये महिलांसाठी ‘चॅलेंज राउंड’ आली. म्हणजे आधीच्या विजेतीने स्वस्थ बसायचं, बाकीच्यांनी आपसांत लढून एकीला पुढे पाठवायचं आणि तिने गादीवरच्या विजेतीला आव्हान द्यायचं. ही पद्धत १९२१ पर्यंत चालली. पहिल्याच चॅलेंज राउंडमध्ये ब्लँच बिंगलीने मॉडला हरवलं आणि त्याच वर्षी पहिल्यांदा दिलं गेलेलं तस्त तिच्या हाती पडलं.

हेच ते ‘व्हीनस रोझवॉटर डिश’. आपण सरसकट ताट म्हणतो, पण ते जेवायचं ताट नव्हे. युरोपात काट्या-चमच्यांची सवय होण्याआधी मोठ्या घरच्या पंगतीत झारीतून गुलाबपाणी हातावर घालत आणि खाली तस्त धरत. त्या जातीची ही चीज. व्यास सुमारे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, चांदीचं, काही भागांवर सोन्याचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने ते १८६४ साली घडवलं, तेव्हा महिला टेनिस तर सोडाच, लॉन टेनिसच धड जन्माला आलं नव्हतं. मूळ नमुना कथलाच्या मिश्रधातूचा, तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

नावात व्हीनस असली तरी मधोमध बसलेली बाई व्हीनस नाही. ती सोफ्रोसिनी, ग्रीकांची संयमाची देवता, एका हातात दिवा, दुसऱ्यात सुरई. तिच्याभोवती चार महाभूतं आणि काठावर मिनर्व्हाच्या देखरेखीखाली सात विद्या: व्याकरण, वक्तृत्व, तर्क, संगीत, गणित, भूमिती आणि ज्योतिष. गणितज्ञाच्या लेकीला शोभेल असं बक्षीस, पण मॉडच्या हाती ते कधीच आलं नाही. तस्त आणि मॉड, दोघांचं जन्मसाल मात्र एकच.

स्पर्धेचा वंश पुढे जेमतेमच चालला. १८९० मध्ये उतरल्या अवघ्या चौघी. त्यांतली आयर्लंडची लेना राइस जिंकली. दोघी-चौघी आणखी गळाल्या असत्या तर वॉटसन यांचा निष्कर्ष इथे तरी खरा ठरला असता. तसं झालं नाही, त्याचं बरंचसं श्रेय ब्लँच बिंगली, शार्लट कूपर आणि डोरोथिया डग्लस यांना. या तिघींनी मिळून अठरा विजेतेपदं मिळवली. त्यातली कूपर तर विशीतच बहिरी झाली होती, तरी चेंडूच्या आवाजावाचून खेळत राहिली.

विजेत्यांच्या जुन्या याद्या पाहिल्या तर या तिघी सहा जणी वाटतात. १८८६ ची मिस बिंगली १८८९ च्या यादीत मिसेस हिल्यार्ड म्हणून दिसते. मिस कूपर १९०८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, जिंकली ती मिसेस स्टेरी म्हणून. मिस डग्लस पुढे मिसेस लँबर्ट चेंबर्स. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात, तसाच प्रकार विंबल्डनच्या सन्मानफलकावर सोनेरी अक्षरांत चालला होता. एक पायरी पुढेच म्हणा, कारण तिथे आद्याक्षरंही नवऱ्याची. बिली जीन किंग तिथे ‘मिसेस एल. डब्ल्यू. किंग’ होती, एल. डब्ल्यू. म्हणजे लॅरी. १९८१ ची ख्रिस एव्हर्ट ‘मिसेस जे. एम. लॉइड’. लॉइडसाहेब स्वतः टेनिसपटूच, पण एकेरीच्या फलकावर त्यांची आद्याक्षरं चढली ती बायकोच्या कर्तबगारीवर!

या कुळात एक शाखा मुंबईची. १९३४ मध्ये लीला राव यांनी ग्लॅडिस साउथवेलला ४-६, १०-८, ६-२ असं हरवलं. विंबल्डनला सामना जिंकलेली ही पहिली भारतीय स्त्री. त्यांची आई पंडिता क्षमाबाई राव, संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या आणि स्वतःही टेनिसच्या स्पर्धा गाजवणाऱ्या. आजोबा ‘वेदार्थयत्न’कर्ते शंकर पांडुरंग पंडित. पुढे लीलाबाई लीला राव दयाल झाल्या आणि आईच्या कथांवर त्यांनी संस्कृत नाटकं रचली. विद्वान घरातल्या मुलीच्या हाती रॅकेट, हे बर्क्सवेलसारखंच इथेही. फरक एवढाच, की इथे आईही मैदानात उतरलेली होती.

पैशांचा हिशेब तर आणखी उशिरा सुटला. १९६८ मध्ये व्यावसायिकांना दार उघडलं, तेव्हा रॉड लेव्हरला २००० पौंड आणि बिली जीन किंगला ७५०. अमेरिकन ओपनने १९७३ मध्येच बक्षिसं समान केली. विंबल्डन २००७ पर्यंत अडून राहिलं. २००६ मध्ये व्हीनस विल्यम्सने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लेख लिहून क्लबला जाब विचारला. पुढच्या वर्षी समान बक्षीस जाहीर झालं आणि त्या पहिल्या वर्षी जिंकलीही तीच. तिला आणि फेडररला प्रत्येकी सात लाख पौंड. तस्तावर कोरलेली नसलेली व्हीनस अशी पाच वेळा ते उचलून गेली.

‘मिस’ आणि ‘मिसेस’ त्यानंतरही चालूच. पंच पुरुषाचं नुसतं आडनाव पुकारायचे, बाईच्या आडनावाआधी तिचं लग्न झालंय की नाही हे सगळ्या स्टेडियमला कळवायचे. गुण पुकारताना ते बंद झालं २०१९ मध्ये. सन्मानफलकावरच्या पदव्या निघाल्या २०२२ मध्ये, पहिल्या सामन्यानंतर १३८ वर्षांनी. पुरुषांच्या फलकावर असली उपपदं कधी नव्हतीच, त्यामुळे रंगाऱ्याला काम निघालं ते एकाच फलकावर. स्पर्धेच्या अधिकृत नावातलं ‘लेडीज’ मात्र क्लबने अजून सोडलेलं नाही.