अठारा कचेरीतील अर्ज

अथेन्स नगरीतील ज्या टेकडीवर प्राचीन काळी वृद्धांची सभा न्यायदानास बसत असे, त्या आरिओस पागोस टेकडीचे नाव ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने आजही धारण केले आहे. इ. स. पू. ४६२ च्या सुमारास एफिआल्तीसने त्या सभेचे राजकीय अधिकार काढून घेतले. न्यायपीठ आणि सत्ता यांचा झगडा त्या भूमीला तेव्हापासून परिचित आहे.

एप्रिल १९६७ मध्ये तेथे लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली आणि पुढील वर्षी अनेक न्यायाधीशांना घरी पाठविले. ही बडतर्फी १९६९ मध्ये राज्यपरिषद या प्रशासकीय बाबींच्या वरिष्ठ न्यायालयापुढे आली. अध्यक्ष मिखाईल स्तासिनोपुलोस यांच्या पीठाने ती रद्दबातल ठरविली. कारण साधे होते : ज्यांना काढले, त्यांचे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नव्हते. सत्ताधाऱ्यांनी निकाल मानला नाही, आणि स्तासिनोपुलोस यांनी कधी न दिलेला राजीनामा मात्र तत्परतेने 'स्वीकारला'! लष्करशाही १९७४ मध्ये कोसळली, तेव्हा हंगामी राष्ट्राध्यक्षपदासाठी लोकप्रतिनिधींना याच न्यायाधीशाची आठवण झाली. जून १९७५ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली आणि ते त्या पदावरून निवृत्त झाले.

त्याच जून महिन्यात भारतात आणीबाणी पुकारली गेली. २६ जून रोजी संसदेच्या एका समितीच्या कामासाठी बंगळुरास आलेले चार खासदार तेथेच पकडले गेले : अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे प्रतिनिधी प्रा. मधू दंडवते. पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक बंगळूरच्या कारागृहात, तर पत्नी प्रमिलाताई पुढे येरवड्यास. दोन तुरुंगांमधील पत्रे एवढाच त्यांचा संसार उरला.

त्या कारागृहापासून फार दूर नसलेली तांबड्या रंगाची जुनी इमारत म्हणजे 'अठारा कचेरी'. एके काळी म्हैसूर संस्थानची अठरा खाती तेथे होती; आता तेथे उच्च न्यायालय भरते. या न्यायालयात चौघांनी हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले. बंदिवानास कोणत्या अधिकाराने धरले ते सांगा, एवढीच या अर्जाची मागणी असते. त्यांच्या वतीने उभे राहिले मुंबईचे माजी मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला. सरकारने प्रथम जुने स्थानबद्धतेचे हुकूम मागे घेऊन नवे बजावले. मग असा युक्तिवाद केला की, राष्ट्रपतींच्या २७ जूनच्या आदेशामुळे जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात येण्याचा मार्गच बंद झाला आहे. कर्नाटकाच्या न्यायाधीशांनी तो आक्षेप फेटाळला. नागपूर, जबलपूर, अलाहाबाद, दिल्ली अशा अन्य ठिकाणांहूनही तोच सूर उमटला. जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे रातोरात नाहीशी होत होती, त्या काळात उच्च न्यायालयांनी विचारलेल्या या प्रश्नाचे मोल फार होते.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने द्वेषापोटी कोणाचा प्राण घेतला तरी काही उपाय नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले. महान्यायवादींचे उत्तर नकारार्थी होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने निर्णय सरकारच्या बाजूने लागला. एकटे खन्ना विरोधात राहिले. बहुमतातील चौघांत न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. पुण्यात जन्मलेल्या या विद्वान कायदेपंडिताकडून मराठी वकीलवर्गाची अपेक्षा निराळी होती, हे नमूद करणे भाग आहे.

त्या वर्षी सोळा न्यायाधीशांच्या दूरदूर बदल्या झाल्या. कर्नाटकाचे न्यायमूर्ती डी. एम. चंद्रशेखर अलाहाबादेस, न्यायमूर्ती सदानंदस्वामी गुवाहाटीस गेले. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले, आणि त्यांनी राजीनामा दिला. दंडवते मात्र त्याच वर्षी रेल्वेमंत्री झाले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, असे ठरविले.

१९७६ चा निर्णय मात्र कागदोपत्री उभाच होता. तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रद्द ठरविला. तो चुकीचा होता असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. आणि ज्यांच्या अर्जावर हे घडले ते के. एस. पुट्टस्वामी होते बंगळूरचे, याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती.