हाली रुपया आणि चिंचेचा कोळ

निजामी अमदानीत मराठवाड्यातील व्यवहारात पहिला प्रश्न असे, 'हाली की कलदार?' हाली म्हणजे हैदराबाद संस्थानाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. शंभर कलदारांस हाली एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै मोजावे लागत. हालीत चांदीही कमी असे.

१९०३ च्या सुमारास या रुपयावर चारमिनार आला. त्याच्या मधल्या कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर कोरलेले असे : महबूब अलींचे 'मीम' आणि १९११ नंतर उस्मान अलींचे 'ऐन'. उस्मान अलींच्या आरंभीच्या नाण्यांवर हा ऐन अर्धाच आहे, पुढे तो पुरा झाला. संग्राहक भिंगाखाली शोधतात तो हाच फरक. परदेशी परीक्षक नाण्याची झीज पाहून सत्तरपैकी गुण देतात व ते पारदर्शक डबीत बंद करतात. घासलेल्या नाण्यास मात्र ते गुणच नाकारतात.

येथे आमच्या देवघरांचा संबंध येतो. लक्ष्मीपूजनाआधी आम्ही पूर्वजांचे रुपये चिंचेच्या कोळाने लख्ख करतो. त्यावर संग्राहकांनी थट्टेने म्हणावे, 'हा अर्धा ऐन टांकसाळीचा, की आजीबाईंच्या चिंचेचा?' थट्टा खरी, पण बोचणारी. वर्षानुवर्षे घासलेल्या नाण्यावरून चांदीबरोबर कमानीतील अक्षरही जाते, आणि ते पुन्हा उमटत नाही.

पूजेला झळाळीची अट नाही. यंदा तो काळवंडलेला रुपया तसाच तबकात ठेवावा व अक्षता वाहाव्यात. लक्ष्मीही राहील, इतिहासही राहील.